सर्व्हरचा डॅशबोर्ड जगाला उघडा ठेवला तर काय होतं? त्याच्यापुढे 'रिव्हर्स प्रॉक्सी' का बसवतात?

७ डिसेंबर २०२१. जगभरात सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींची त्या दिवशी चांगलीच धावपळ झाली.

विषय होता ग्राफाना नावाच्या सॉफ्टवेअरचा. सर्व्हरवर किती लोड आहे, मेमरी किती उरली, डिस्क भरत आली का, हे सगळं रंगीत आलेखांत दाखवणारा डॅशबोर्ड म्हणजे ग्राफाना. छोट्या स्टार्टअपपासून मोठ्या कंपन्यांपर्यंत अनेक जण तो वापरतात. त्याच्या ८.० ते ८.३ या आवृत्त्यांत एक भोक सापडलं. वेब पत्त्यामध्ये 'दोन टिंबं आणि तिरकी रेघ' असं पुन्हा पुन्हा लिहून विनंती पाठवली, की ग्राफाना स्वतःच्या फोल्डरमधून वर वर चढत जायचं आणि सर्व्हरवरची भलतीच फाइल वाचून बाहेर द्यायचं.

आता तुम्ही म्हणाल, ग्राफानाला लॉगिन असतंच की. असतं. पण या भोकासाठी लॉगिन लागतच नव्हतं.

कंपनीनं त्याच दिवशी दुरुस्त केलेल्या चार आवृत्त्या काढल्या. सोबत एक सल्लाही दिला. ज्यांना लगेच अपडेट करणं जमत नाही, त्यांनी ग्राफानापुढे असा रिव्हर्स प्रॉक्सी ठेवावा, जो विनंतीतला पत्ता आधी साफ करतो आणि मगच आत पाठवतो.

हा रिव्हर्स प्रॉक्सी म्हणजे नेमकं काय, तो कसा बसवतात आणि बसवूनही लोक कुठे फसतात, ते पाहू.

आधी डॅशबोर्डचा मामला

सर्व्हर म्हणजे शेवटी एक कॉम्प्युटरच. फक्त तो कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये असतो आणि त्याला स्क्रीन नसते. त्याची तब्येत कशी आहे हे बघायला डॅशबोर्ड लागतो. प्रोमिथियस आकडे गोळा करतो, ग्राफाना ते आलेखात मांडतो, ही जोडी प्रसिद्ध आहे. नेटडेटा नावाचं सॉफ्टवेअर दोन्ही कामं एकटंच करतं, तेही दर सेकंदाला.

असं प्रत्येक सॉफ्टवेअर सर्व्हरवर एक पोर्ट धरून बसतं. पोर्ट म्हणजे एकाच इमारतीचे वेगवेगळे दरवाजे समजा. ग्राफाना ३००० वर, प्रोमिथियस ९०९० वर, नेटडेटा १९९९९ वर. सॉफ्टवेअर टाकलं, ब्राउझरमध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता आणि पुढे पोर्ट लिहिला, की आलेख हलायला लागतात. इन्स्टॉल करणारा खूश होतो आणि झोपायला जातो.

गंमत अशी की, त्याला जे दिसतं तेच इतरांनाही दिसू शकतं. प्रोमिथियस मूळ मांडणीत पासवर्ड मागतच नाही. ग्राफाना मागतो, पण सुरुवातीचं युजरनेम 'ॲडमिन' आणि पासवर्डही 'ॲडमिन'. पहिल्या लॉगिनला तो बदलायला सांगतो, पण 'नंतर बघू' म्हणून पुढे जाण्याची सोयही आहे. आपल्याकडे 'नंतर बघू'चं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

"पण माझा आयपी कुणाला कळणार?"

हा प्रश्न हमखास येतो. जुन्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांची एकूण संख्या आहे सुमारे ४२९ कोटी. ऐकायला प्रचंड वाटते. पण २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं टूल आणलं. चांगलं नेट कनेक्शन असलेल्या एका मशीनवरून या सगळ्या पत्त्यांचा एक पोर्ट ४५ मिनिटांच्या आत तपासता येतो, हे त्यांनी दाखवून दिलं. शोडान नावाचं सर्च इंजिन तर २००९ पासून हाच धंदा करतं. गुगल वेबपानं शोधतं, शोडान उघडे पोर्ट शोधतं. म्हणजे तुमचा पत्ता कुणाला 'कळावा' लागतच नाही. सगळ्यांचेच दरवाजे आळीपाळीनं वाजवले जातात.

आणि नुसते आलेख बघून कुणाला काय मिळणार? बरंच काही. कुठली सॉफ्टवेअर चालू आहेत, आतल्या मशीनची नावं काय, डेटाबेस कुठला, कुठल्या वेळी गर्दी असते, कुठली डिस्क भरत आली आहे. चोराला घराचा नकाशा आणि मालकाचं वेळापत्रक एकत्र मिळावं तसं.

डॅशबोर्ड नुसता दाखवणारा नसून हुकूम देता येणारा असेल तर गोष्ट आणखी पुढे जाते. फेब्रुवारी २०१८ मध्ये रेडलॉक या सुरक्षा कंपनीनं जाहीर केलं, की टेस्लाचा कुबरनेटीस हा सर्व्हर सांभाळणारा कन्सोल पासवर्डशिवाय उघडा सापडला. तिथून टेस्लाच्या ॲमेझॉन क्लाउड खात्याच्या चाव्या हल्लेखोरांच्या हाती लागल्या. त्यांनी टेस्लाच्याच मशीनवर क्रिप्टोकरन्सीचं मायनिंग लावलं आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून प्रोसेसरचा वापर मुद्दाम कमी ठेवला.

वॉचमन नाही, खिडकीवरचा कारकून

कॉलेजात प्रॉक्सी मारणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. मित्र गैरहजर, आणि त्याच्या नावावर दुसराच 'प्रेझेंट सर' म्हणतो. कॉम्प्युटरमधला प्रॉक्सीही तेच करतो, दुसऱ्याच्या वतीनं बोलतो. ऑफिसातला साधा प्रॉक्सी कर्मचाऱ्यांच्या वतीनं इंटरनेटशी बोलतो. रिव्हर्स प्रॉक्सी उलट बाजूनं उभा असतो. तो सर्व्हरच्या वतीनं बाहेरच्या जगाशी बोलतो.

याला अनेक जण सोसायटीच्या वॉचमनची उपमा देतात. ती अर्धीच बरोबर आहे. वॉचमन विचारपूस करतो आणि पाहुण्याला आत सोडतो. ते काम फायरवॉलचं. रिव्हर्स प्रॉक्सी म्हणजे तहसील कार्यालयातला खिडकीवरचा कारकून. तुम्ही अर्ज त्याच्या हातात देता, तो आत जातो, संबंधित टेबलावरून कागद आणतो आणि तुम्हाला देतो. आतलं टेबल कुठे आहे, तिथे कोण बसतं, हे तुम्हाला कळत नाही. अर्ज नीट नसेल तर तो खिडकीवरूनच परत जातो.

ही खिडकी सांभाळायला सगळ्यात जास्त ऐकू येणारं नाव म्हणजे एनजिनएक्स. इगोर सिसोएव्ह या रशियन अभियंत्यानं २००४ मध्ये ते लोकांसाठी खुलं केलं. एकाच वेळी दहा हजार कनेक्शन कशी सांभाळायची, हा तेव्हाचा गाजलेला प्रश्न होता आणि त्यातूनच ते जन्माला आलं. अपाचेही हे काम करतं. कॅडी तर प्रमाणपत्रसुद्धा आपणहून आणतं. नवख्या माणसाला कॅडी सोपं जातं, पण सर्व्हरवर आधीच एनजिनएक्स असेल तर दुसरं काही टाकायची गरज नाही.

बसवतात कसं?

पहिलं काम एनजिनएक्समध्ये नाही, ग्राफानामध्ये आहे. आणि नेमकं तेच बहुतेक जण विसरतात.

मूळ मांडणीत ग्राफाना मशीनच्या सगळ्या नेटवर्क पत्त्यांवर ऐकत असतो. पुढे कितीही भारी प्रॉक्सी बसवला तरी ३००० चा मागचा दरवाजा उघडाच राहतो. खिडकीवर कारकून बसवला, पण मागच्या बाजूनं साहेबांच्या केबिनमध्ये थेट जाता येतं, असला प्रकार. म्हणून ग्राफानाच्या सेटिंग फाइलमध्ये ऐकण्याचा पत्ता १२७.०.०.१ असा द्यायचा. हा पत्ता म्हणजे मशीनचा स्वतःशीच संवाद. बाहेरच्या कुणालाही तिथे पोहोचता येत नाही. एनजिनएक्स त्याच मशीनवर असल्यानं त्याला मात्र येतं.

डॉकर वापरणाऱ्यांसाठी इथे एक खास खड्डा आहे. डॉकरला नुसतं '३०००:३०००' असं सांगितलं, तर तो पोर्ट सगळीकडे खुला करतोच, शिवाय लिनक्सच्या फायरवॉलमध्ये स्वतःचे नियमही घालतो. उबंटूच्या यूएफडब्ल्यू फायरवॉलमध्ये तुम्ही ३००० बंद केलेला असतो, यादीतही तो बंद दिसतो, आणि तरी बाहेरून डॅशबोर्ड उघडतो. इथे पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहिलं की काम होतं.

आता एनजिनएक्स. डॅशबोर्डसाठी एक सबडोमेन घ्यायचं आणि एनजिनएक्सला सांगायचं, की या नावानं ४४३ पोर्टवर येणारी प्रत्येक विनंती आत ३००० वर पोहोचव. 'प्रॉक्सी पास' नावाची एक ओळ हे काम करते. एचटीटीपीएससाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं.

सबडोमेनला विचित्र नाव दिलं की कुणाला सापडणार नाही, असं काहींना वाटतं. तसं नसतं. दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची नोंद सार्वजनिक वहीत होते आणि ती वही कुणीही चाळू शकतं. त्या खास एका नावासाठी प्रमाणपत्र घेतलं, की ते नाव जगजाहीर झालं समजा.

प्रॉक्सी पासची एक ओळ टाकून काम संपत नाही. कारकून अर्ज आत नेतो तेव्हा अर्जदार कोण आणि कुठल्या पत्त्यावर आला, हेही त्यानं सांगायला हवं. ही माहिती हेडरमधून जाते. 'होस्ट' हेडर नीट पाठवला नाही, तर ग्राफाना 'ओरिजिन नॉट अलाउड' असं म्हणून लॉगिन नाकारतो आणि माणूस तासभर पासवर्ड बदलत बसतो. पाहुण्याचा खरा आयपी पुढे पाठवला नाही, तर ग्राफानाच्या नोंदींत प्रत्येक जण १२७.०.०.१ वरूनच आलेला दिसतो. पुढे कधी तपास करायची वेळ आली, तर त्या नोंदी रद्दी. शिवाय थेट हलणाऱ्या आलेखांसाठी वेबसॉकेट लागतं. त्याचेही दोन हेडर एनजिनएक्सला वेगळे सांगावे लागतात.

सबडोमेनऐवजी मुख्य साइटच्याच पोटात एखाद्या उपपत्त्यावर डॅशबोर्ड ठेवायचा असेल, तर ग्राफानालाही त्याचा नवा पत्ता कळवावा लागतो. नाही तर पान अर्धवट उघडतं. साधं सबडोमेन घ्यावं, डोक्याला ताप कमी.

पासवर्डवर पासवर्ड

२०२१ च्या प्रकारात ग्राफानाचं लॉगिन कामी आलं नाही, कारण विनंती लॉगिनच्या आधीच आत पोहोचत होती. म्हणून अनेक जण खिडकीवरच पहिला पासवर्ड ठेवतात. एनजिनएक्समध्ये याला बेसिक ऑथ म्हणतात. पासवर्ड नसलेल्याची विनंती ग्राफानापर्यंत जातच नाही. मग ग्राफानात उद्या नवं भोक सापडलं, तरी अपडेट करायला थोडी उसंत मिळते. प्रोमिथियससारख्या लॉगिन न मागणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी तर हे हवंच.

मात्र यात दोन गोष्टी आहेत. बेसिक ऑथमध्ये पासवर्ड फक्त वेगळ्या लिपीत लिहिल्यासारखा जातो, तो गुप्त होत नाही. त्यामुळे एचटीटीपीएसशिवाय ते वापरण्यात अर्थ नाही. दुसरं म्हणजे, एनजिनएक्स तोच पासवर्ड पुढे ग्राफानालाही देतो. ग्राफाना त्यानं स्वतःचं लॉगिन करू पाहतो आणि 'चुकीचा पासवर्ड' म्हणून हटकतो. त्यासाठी पुढे जाणारा 'ऑथरायझेशन' हेडर रिकामा करायचा.

डॅशबोर्ड बघणारे दोन-चारच लोक असतील आणि ते ठरावीक जागेवरून बसत असतील, तर फक्त त्यांच्या आयपीला परवानगी देता येते. त्याहून कडक हवं असेल तर डॅशबोर्ड व्हीपीएनच्या आतच ठेवायचा, बाहेर त्याचा पत्ताच नको.

झालं का, हे कसं कळणार?

एनजिनएक्सची सेटिंग फाइल बदलल्यावर आधी तिची चाचणी घ्यायची आणि मगच ती लागू करायची, नाही तर एका सुटलेल्या अर्धविरामापायी सगळ्या साइट बंद पडू शकतात. '५०२ बॅड गेटवे' दिसलं तर घाबरू नका. कारकून जागेवर आहे, आतला साहेब नाही. म्हणजे ग्राफाना बंद आहे किंवा पोर्ट चुकला आहे.

खरी परीक्षा बाहेरून घ्यायची. मोबाइलचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर या आणि थेट सर्व्हरचा आयपी आणि ३००० टाकून बघा. पान उघडलं, तर मागचा दरवाजा अजून उघडा आहे. काहीच उघडलं नाही आणि सबडोमेनवर मात्र कुलपाच्या चिन्हासह पासवर्ड मागितला, तर बसवणं जमलं.

राहिलं प्रमाणपत्र. लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं आणि ते आपोआप नवं होण्याची सोय लावावी लागते. नवी फाइल आल्यावर एनजिनएक्सला ती पुन्हा वाचायलाही सांगावं लागतं, नाही तर तो जुनीच दाखवत बसतो. पूर्वी मुदत संपत आली की ई-मेल यायचा, पण जून २०२५ पासून लेट्स एन्क्रिप्टनं ते ई-मेल बंद केले. प्रोमिथियसच्या जोडीला ब्लॅकबॉक्स एक्सपोर्टर नावाचं छोटं सॉफ्टवेअर टाकलं, की प्रमाणपत्राचे किती दिवस उरले हा आकडा त्याच डॅशबोर्डवर दिसायला लागतो.