आगीचे पाणी व खालच्या अंगाची शिवारे

कारखान्यास आग लागली म्हणजे सर्वांचे लक्ष ज्वाळांकडे असते. आग विझते, बंब परत जातात. परंतु त्यांनी ओतलेल्या पाण्याचे पुढे काय झाले, हे फारसे कोणी विचारीत नाही. हा प्रश्न मुख्यत्वे उताराच्या खालच्या अंगास शेती करणाऱ्यांचा आहे. म्हणून त्याचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या भोवती चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा येथे औद्योगिक वसाहती आहेत. वाळूज येथील हातमोज्यांच्या कारखान्यास ३१ डिसेंबर २०२३ रोजी पहाटे आग लागून सहा कामगार मृत्युमुखी पडले. अशा प्रसंगी माणसे वाचविणे हे पहिले कर्तव्य, ह्यात शंका नाही. परंतु ज्या आवारात रसायनांचा साठा आहे, तेथे दुसरे कर्तव्यही तितक्याच तयारीने ठरलेले असावयास पाहिजे. शहरातून वाहणारी खाम नदी पुढे गोदावरीच्या नाथसागरास मिळते, आणि ह्याच जलाशयावर शहराचे पिण्याचे पाणी व मोठ्या प्रदेशाचे ओलीत अवलंबून आहे.

हे भय काल्पनिक नव्हे. स्वित्झर्लंडात बाझल शहराजवळ १ नोव्हेंबर १९८६ रोजी सँडोझ कंपनीच्या कोठारास आग लागली. कोठारात मुख्यत्वे शेतीची कीटकनाशके होती. विझविण्याच्या पाण्याबरोबर सुमारे तीस टन विषारी द्रव्ये ऱ्हाइन नदीत गेली. पाणी तांबडे झाले आणि शेकडो किलोमीटरपर्यंत वाम मासे मेले. तेथे हानी नदीपर्यंत नेली ती आगीने नव्हे, तर आग विझविणाऱ्या पाण्याने.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. उन्हाळ्यात काळ्या जमिनीस खोल भेगा पडतात. त्यांतून द्रव सरळ मुरुमात व तेथून खडकाच्या फटींत उतरतो. विहिरींचे झरे त्याच फटींतून येतात. काही द्रावके पाण्यावर तरंगतात, काही जड असल्याने तळाशी बसतात. म्हणून वरून निर्मळ दिसणारे पाणी निर्दोष असेलच असे नाही. आग विझविण्याच्या काही फेसांत फ्लोरिनची अशी संयुगे असतात, की ती मातीत वर्षानुवर्षे कुजत नाहीत.

पाणी किती साचते, त्याचा हिशेब सोपा आहे. एका नळीतून मिनिटास ५०० लिटर पाणी पडते असे धरिले, तर सहा नळ्या चार तास चालल्यास ७,२०,००० लिटर पाणी होते. त्यास वीस मीटर लांब, बारा मीटर रुंद व तीन मीटर खोल असे तळे पाहिजे. ते आग लागल्यावर खणता येत नाही.

म्हणून कारखान्यात तीन गोष्टी आधीच असाव्या. पहिली, रसायनाच्या टाक्यांभोवती न पाझरणारा बांध. सर्वांत मोठ्या टाकीतील मालापेक्षा निदान दहा टक्के अधिक द्रव त्यात मावला पाहिजे. दुसरी, पावसाच्या गटारावर त्वरित बंद करता येईल असे दार, व ते कोणी बंद करावयाचे ह्याची नेमणूक. तिसरी, आगीचे पाणी वळवून घेण्यास अस्तर घातलेले रिकामे तळे. त्यातील पाणी तपासल्याखेरीज सामुदायिक शुद्धीकरण केंद्राकडेही सोडू नये. कारण तेथे मैला खाणारे जंतूच विषाने मेले, तर केंद्र बंद पडते. थोडे द्रव्य सांडल्यास ते पाण्याने धुऊन गटारात लोटू नये. कोरड्या वाळूने अडवून व टिपून घ्यावे आणि ती वाळू घातक कचरा म्हणून निराळी ठेवावी.

शेतकऱ्यांनी काय करावे? वरच्या अंगास आग किंवा गळती झाल्याचे कळताच नाल्यावरील व जवळच्या विहिरीवरील पंप बंद करावे, गुरे त्या पाण्यावर सोडू नयेत, आणि तहसीलदार व प्रदूषण नियंत्रण मंडळ ह्यांस कळवावे. पाण्याचा निर्वाळा मिळेपर्यंत ते पिकास देऊ नये. नाल्यात स्वतः उतरून बांध घालण्याचे साहस करू नये. वाफेनेही जीव जातो.

कायद्याचा आधारही आहे. घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांप्रमाणे मोठा साठा बाळगणाऱ्या कारखानदाराने आवारातील आपत्तीची योजना तयार ठेवावयाची असते, तसेच ज्यांना अपघाताची बाधा पोहोचण्याजोगी आहे अशा बाहेरील लोकांस माहितीही द्यावयाची असते. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्यान्वये अशा द्रव्याच्या अपघाताने मालमत्तेची हानी झाल्यास, कारखानदाराची चूक सिद्ध न करिताही जिल्हाधिकाऱ्यांकडे साहाय्य मागता येते. अर्ज पाच वर्षांच्या आत करावा लागतो.

मात्र गेलेली विहीर पैशाने लवकर परत येत नाही. म्हणून वसाहतीलगतच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या वरच्या अंगाच्या कारखान्यांस लेखी विचारावे: आपल्या आवारात कोणती द्रव्ये आहेत, गटाराचे दार कोठे आहे, ते कोण बंद करील, आणि आगीचे पाणी कोठे साठेल? विहिरींच्या पाण्याची एक तपासणीही आताच करून तिचा कागद जपून ठेवावा. पुढे हानी झाली, तर पूर्वीचे पाणी कसे होते हे त्यावरूनच दाखविता येईल.