वळिवड्याची छावणी

कोल्हापूरहून मिरजेकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात वळिवडे स्टेशनात येते. आज हा परिसर बाहेरच्यांना माहीत आहे तो गांधीनगरच्या घाऊक कापडबाजारामुळे. लग्नसराईत तिथे पाय ठेवायला जागा नसते. १९४३ ते १९४८ या काळात याच जमिनीवर सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. कोल्हापूरकर अजून ‘पोलिश कॅम्प’ म्हणतात तो हाच.

ही माणसं आली कशी, ते थोडक्यात सांगतो. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशिया चालून आला. पुढच्या दीड-दोन वर्षांत पूर्व पोलंडमधली लाखो माणसं घरातून उचलून, मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेली गेली. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा स्टालिनला मित्रांची गरज पडली. लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारशी करार झाला आणि बंदिवानांची सुटका सुरू झाली. जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्यामागून हजारो कुटुंबं १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. उपासानं आणि टायफसनं किती जण वाटेतच गेले. उरलेल्यांना ठेवायचं कुठे? काही पूर्व आफ्रिकेत गेले, काही मेक्सिकोत, काही न्यूझीलंडला आणि काही आपल्याकडे.

आपल्याकडचं नाव घ्यायचं तर लोक जामनगरजवळच्या बालाचडीचं घेतात. जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी तिथे अनाथ पोलिश मुलांना आसरा दिला, त्याचं मोल मोठंच आहे. पण माणसांची संख्या पाहिली तर वळिवडे बालाचडीच्या कितीतरी पट मोठं होतं. बालाचडीची छावणी १९४६ मध्ये बंद झाली तेव्हा तिथली बरीच मुलंही इथेच आली.

जागा कोल्हापूर संस्थानातली, देखरेख हिंदुस्थान सरकारची आणि खर्चाचा भार लंडनमधल्या पोलिश सरकारचा, अशी व्यवस्था होती. मुंबईतल्या पोलिश वाणिज्य वकिलातीचे प्रमुख बानासिन्स्की आणि पोलिश रेड क्रॉसचं काम पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी किरा यांनी या सगळ्यामागे मोठी धडपड केली.

मला या छावणीचं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते तिचं स्वयंपाकघर. लांबच लांब बराकी, भिंती चटयांच्या, वर कौलं. दिसायला लष्करी वसाहतच. पण आत प्रत्येक बराकीचे भाग पाडून कुटुंबागणिक बिऱ्हाडं केलेली होती: खोल्या, पुढे व्हरांडा आणि स्वतंत्र चूल. शिजवलेलं अन्न रांगेत वाढण्याऐवजी माणशी भत्ता हातात मिळायचा. बाजार करायचा, कोळशाची शेगडी पेटवायची आणि काय शिजवायचं ते आपलं आपण ठरवायचं. दोन-तीन वर्षं दुसऱ्याच्या हुकमावर भाकरतुकडा मोजून खाल्लेल्या बाईला आज घरात काय करायचं याचा विचार करता येणं, ही मदत पोत्यांच्या हिशेबात कुठेच धरली जात नाही. मदत देणाऱ्यांना रांग सोयीची असते, कारण तिचं मोजमाप सोपं. वळिवड्यात ती सोय बाजूला ठेवली गेली. भाजीवाल्यांशी घासाघीस करता करता बायका कामापुरती इथली भाषा बोलायलाही शिकल्या.

शाळांचंही तेच. प्राथमिकपासून माध्यमिकपर्यंतचं शिक्षण पोलिश भाषेत, शिक्षक छावणीतलेच. पुस्तकांची वानवा होती, पण वर्ग भरत राहिले. दवाखाना, चर्च, नाट्यगृह, दुकानं, मुलांची पथकं, सगळं होतं. स्काउटचं काम पाहायला झ्जिस्लाव पेश्कोव्स्की नावाचे तरुण अधिकारी आले होते. सोव्हिएतांनी केलेल्या कातिनच्या हत्याकांडातून जे थोडे पोलिश अधिकारी वाचले, त्यांतले ते एक. पुढे ते धर्मगुरू झाले आणि कातिनमध्ये मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी आयुष्यभर झटले.

युद्ध संपलं, पण या लोकांना परतायला घर राहिलं नाही. त्यांचा मुलूख सोव्हिएत हद्दीत गेला. जुलै १९४५ मध्ये ब्रिटननं वॉर्सातल्या नव्या राजवटीला मान्यता दिली आणि छावणीमागचं लंडनचं पोलिश सरकार कागदावरून पुसलं गेलं. १९४७-४८ मध्ये छावणी रिकामी झाली. ज्यांचे पुरुष अँडर्सच्या सैन्यात होते ते इंग्लंडला गेले, बाकीचे मिळेल त्या देशात. पोलंडला परतणारे थोडे. एक मुलगी मात्र इथेच लग्न करून कोल्हापूरची सून झाली. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पोलिश थडगी आहेत. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक उभं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींनी तिथे पुष्पचक्र वाहिलं.

या कथेचा दुसरा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही. पोलिश माणसं उठली आणि त्याच बराकींत फाळणीनं उखडलेली सिंधी कुटुंबं आली. गांधीनगर वसवलं ते त्यांनी. त्यांच्यामागे लंडनचं सरकार नव्हतं की रेड क्रॉसचा प्रतिनिधी. कापडाच्या गाठोड्यापासून सुरुवात करून त्यांनी बाजारपेठ उभी केली. असं उखडलं जाणं म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या वाचकाला वेगळं समजावायला नको. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या भीतीनं हैदराबादच्या निजामाची हद्द ओलांडून सोलापूर-बार्शीकडे गेलेली घरं आपल्याकडे आहेत, आणि पोलीस कारवाईनंतरच्या हिंसेत उद्ध्वस्त झालेली मुस्लीम घरंही आहेत. त्यांच्या आठवणी बहुतेक घरातल्या घरातच राहिल्या. पोलिश मुलांनी मात्र म्हातारपणी एकत्र येऊन, परदेशात मंडळ स्थापून, वळिवड्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला, म्हणून आज कोण कुठे राहत होतं हे सांगता येतं. गांधीनगरात पहिल्या बिऱ्हाडांत लहानाचे मोठे झालेले आता ऐंशीच्या आसपास असतील. वळिवड्याचं स्मरण दोन्ही वस्त्यांचं व्हायचं असेल, तर त्यांच्याकडे रेकॉर्डर घेऊन याच वर्षी जायला हवं.