न दुखणारा डोळा

तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने, रंग आणि औषधांचे कारखाने आहेत. बोईसरला आमच्या शेजारी राहणाऱ्या एका कामगाराच्या डोळ्यात कॉस्टिक सोड्याचे शिंतोडे उडाले. पहिले काही दिवस तो रात्रभर तळमळे. तीन महिन्यांनी भेटला, तेव्हा डोळा लाल आणि बुबुळ धुरकट होते. म्हणाला, “आता दुखत नाही, काका. बरा झाला असेल.” तपासणीला जाणेही त्याने थांबवले होते. मी डॉक्टर नाही, पण त्या वाक्याने मला या विषयाची पुस्तके उघडायला लावली.

डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेला पारपटल म्हणतात. त्याच्या वरच्या थरातील पेशी सतत झडतात आणि नव्या येतात. नव्या पेशींचा साठा पारपटल आणि डोळ्याचा पांढरा भाग यांच्या सीमेवर, ‘लिंबस’ नावाच्या कड्यात असतो. दाव्हांगेर आणि एव्हेन्सेन या नॉर्वेतील संशोधकांनी १९७१ मध्ये हा विचार मांडला. या कड्यातल्या मूळपेशी जळाल्या की शेजारची रक्तवाहिन्यांनी भरलेली त्वचा पारपटलावर सरकते आणि दृष्टी धूसर होते.

मग दुखणे का थांबले? पारपटल हा शरीरातील सर्वाधिक संवेदनशील भागांपैकी एक आहे. मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या चेतेचे तंतू चहूबाजूंनी, याच कडेवरून, आत शिरतात आणि वरच्या थराखाली जाळे विणतात. आम्लापेक्षा अल्कली खोल शिरते. त्यामुळे मूळपेशींबरोबर हे तंतूही होरपळतात. आजार जितका वाढलेला, तितके जाळे विरळ आणि संवेदना कमी, असे सूक्ष्मदर्शक तपासणीत आढळते.

हे नुकसान दोन्ही बाजूंनी वाढत जाते. चेतातंतू केवळ वेदनेची वर्दी देत नाहीत. त्यांतून स्रवणारी द्रव्ये वरच्या पेशींना पोसतात, आणि पेशीही तंतूंना जगवतात. उंदरांमध्ये चेतापुरवठा तोडल्यावर मूळपेशीही घटलेल्या दिसल्या. शिवाय बधिर डोळा कमी मिचकतो, अश्रू कमी येतात, कचरा गेला तरी कळत नाही, आणि साधा ओरखडाही चिघळून व्रण होतो.

संवेदना मोजण्यासाठी नायलॉनच्या बारीक धाग्याचे एक साधन असते. लांब धागा मऊ लागतो, आखूड धागा टोचतो. निरोगी डोळ्याला ६० मिलिमीटर लांबीचा धागाही जाणवतो. साधन नसेल तर कापसाचे टोक चालते. मात्र बधिर करणारे थेंब घालण्याआधी.

मी त्या मुलाला पुन्हा तपासणीला नेले. डॉक्टरांनी चांगल्या डोळ्याला कापूस लावला, तो दचकला. दुसऱ्याला लावला, तो शांत बसून होता. नंतर तोच विचारू लागला, “लावला का?”

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील विरेंदर संगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक सोपे रोपण प्रसिद्ध केले. चांगल्या डोळ्याच्या कडेचा छोटासा तुकडा घेऊन, त्याचे बारीक कण करून जळालेल्या डोळ्यावर लावतात. पण त्याआधी पृष्ठभागाची तब्येत सुधारावी लागते, आणि त्यात संवेदनेची तपासणी येते. आमच्या शेजाऱ्याची सध्या तीच तयारी चालू आहे.

चुना किंवा कॉस्टिक डोळ्यात गेले तर दवाखान्याची वाट धरण्याआधी डोळा उघडा धरून, वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान अर्धा तास धुवावा. आणि पुढे दुखणे थांबले, तरी तपासणी थांबवू नये.