‘ऑरगॅनिक’चे माहेर आणि आपले स्वयंपाकघर

‘ऑरगॅनिक’ हा शब्द आता आपल्या घरांत चांगलाच रुळला आहे. डाळीच्या पुड्यावर तो असतो, गुळाच्या ढेपेवर असतो, आणि त्याच्या जोरावर त्या वस्तूची किंमत शेजारच्या वस्तूपेक्षा बरीच चढलेली असते. घरातील वडील मंडळी त्याकडे संशयाने पाहतात. सुना-मुलगे विश्वासाने विकत घेतात. हा शब्द सातासमुद्रापलीकडून आला, याविषयी मात्र दोन्ही पक्षांचे एकमत असते. शब्द तिकडचा आहे हे खरेच. परंतु ज्या विचारातून तो जन्मला, त्या विचाराचे माहेर आपले इंदूर आहे, ही गोष्ट इंदुरात दोनशे वर्षे राहिलेल्या मराठी कुटुंबांनाही बहुधा ठाऊक नसते.

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली हिंदुस्थानात आले. बिहारमधील पुसा येथे त्यांनी आणि त्यांच्या विदुषी पत्नी गॅब्रिएल यांनी गव्हाच्या जातींवर पुष्कळ काम केले. पुढे १९२४ मध्ये इंदूर येथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ स्थापन झाली. होळकर दरबाराने तिला सुमारे ३०० एकर जमीन दिली आणि हॉवर्ड तिचे संचालक झाले. १९३१ पर्यंत ते येथे होते. तीच जागा पुढे कृषी महाविद्यालयाची झाली. मुख्य काम होते कापसाचे. परंतु जगात नाव झाले ते खताचे. पऱ्हाट्या, तुराट्या, पालापाचोळा, तण, गोठ्यातील शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि चुलीतील राख यांचे थर उथळ खड्ड्यात रचावयाचे, ओलावा राखावयाचा, ठरावीक अंतराने उलथापालथ करावयाची, आणि तीनेक महिन्यांनी काळे, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास असलेले खत काढावयाचे, अशी ही रीत. तिला जगभर ‘इंदूर पद्धत’ असेच म्हणतात. १९३१ साली ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’ या पुस्तकात ती सविस्तर प्रसिद्ध झाली. त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हॉवर्ड यांच्या जोडीला दुसरे नाव आहे ते यशवंत वाड यांचे. आपल्या कानांना ते नाव परके वाटू नये.

उकिरडा आपल्याकडे होताच. हॉवर्ड यांनी त्याला शिस्त लावली, आणि ती लावताना आपण येथील शेतकऱ्यांकडून शिकलो हे मोकळेपणाने सांगितले. राज्यकर्त्या जातीच्या शास्त्रज्ञाने असे म्हणणे त्या काळी सोपे नव्हते. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनाच्या निमित्ताने महात्मा गांधी इंदुरात आले असता त्यांनीही या संस्थेत जाऊन ही खतपद्धत पाहिली. १९४० मध्ये हॉवर्ड यांचे ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टमेंट’ निघाले. त्याने भारून जाऊन अमेरिकेत रोडेल यांनी १९४२ मध्ये या विषयाला वाहिलेले मासिक सुरू केले, आणि तेथून ‘ऑरगॅनिक’ हा शब्द घरोघर पोहोचला. म्हणजे लेक सासरी गेली, तिकडे तिचे नाव बदलले, आणि आता ती माहेरी आली तर आपण तिला पाहुणी समजून दुप्पट मान देत आहो!

हा इतिहास आठवण्याचे कारण अभिमान नव्हे. कारण स्वयंपाकघरातील आहे.

आपल्या मराठी स्वयंपाकाची जी काटकसर, तिचा मोठा भाग सालींवर आणि देठांवर उभा आहे. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून केलेली चटणी, दुधी भोपळ्याच्या सालीची चटणी, मटारच्या कोवळ्या सालींची भाजी, कोथिंबिरीच्या देठांचे वाटण, मुळ्याचा पाला, लाल भोपळ्याच्या बिया: ज्या गोष्टी इतरत्र टाकून देतात त्यांना आपल्या आज्यांनी ताटात डावीकडे मानाची जागा दिली. आता विचार करा की औषध फवारलेल्या भाजीवर ते औषध सर्वांत आधी कोठे बसणार? सालीवर आणि पानावर. साल काढून गर खाणाऱ्याला जो धोका थोडा, तो साल वाटून खाणाऱ्याला अधिक. मिठाच्या पाण्यात भाजी बुडवून ठेवली की काम झाले, असा एक समज आहे. वरवरचे काही त्याने निघते हे खरे. परंतु काही औषधे झाडाच्या रसातच मिसळतात, ती कोणत्याही पाण्याने निघत नाहीत. म्हणून शुद्ध भाजीची गरज श्रीमंती स्वयंपाकापेक्षा आपल्या साध्या स्वयंपाकाला अधिक आहे. माझ्या माहितीतील कित्येक घरांत शिरांची चटणी बंद झाली आहे. विचारले तर गृहिणी म्हणतात, “आताच्या दोडक्याचा भरवसा वाटत नाही.” एक पदार्थ गेला म्हणून कोणी शोकसभा घेत नाही, परंतु तो गेला आहे.

दुसरा पदार्थ चाकवताचा. ज्याला येथे बथुआ म्हणतात तो चाकवत माळव्यात कोणी पेरीत नसे. गव्हाच्या नि हरभऱ्याच्या शेतात तो आपोआप येई. निंदणी करणाऱ्या बायका तो ओच्यात घेऊन येत आणि शहरात स्वस्तात विकत. हरभऱ्याची डाळ व दाणे घालून, ताक-बेसन लावून, वर लसणाची फोडणी दिलेली चाकवताची पातळ भाजी आणि ज्वारीची भाकरी हे पौष-माघाचे जेवण. आता गव्हात तणनाशक मारतात, आणि त्या औषधाचा पहिला बळी चाकवतच असतो, कारण शेताच्या दृष्टीने तो तण आहे. जो चाकवत बाजारात मिळतो तो बहुधा मुद्दाम लावलेला. आणि ज्वारी? १९७०च्या दशकापासून माळव्याच्या काळ्या जमिनीत सोयाबीन आले आणि पाहता पाहता खरिपाचे राजे झाले. त्याने शेतकऱ्याच्या हाती चार पैसे खेळले, हे नाकारणे अन्यायाचे होईल. १९८७ मध्ये सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही इंदुरातच निघाले. परंतु ज्वारी मागे हटली तशी कडबी मागे हटली. कडबी कमी तर गुरे कमी, गुरे कमी तर शेण कमी, आणि शेण नाही तर हॉवर्ड यांचा खड्डा भरावयाचा कशाने? भाकरी ताटातून गेली आणि खत शेतातून गेले, या दोन बातम्या वेगळ्या नाहीत.

आता चवीविषयी. साधे जेवण सोपे असते, असे आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. सकाळी खुडलेली कोवळी मेथी असेल तर तिला तेल, लसूण, एक सुकी मिरची आणि मीठ एवढे पुरे होते. तीच मेथी दोन दिवस पोत्यात दबून, वर पाणी शिंपडून टवटवीत केलेली असेल तर तिच्या अंगचे काही उरलेले नसते. मग कांदा येतो, टोमॅटो येतो, गरम मसाला येतो, शेवटी साय येते. आपल्या घरांत मसाल्यांचे डबे वाढले, त्याचे एक कारण भाजीचे वय वाढले हे आहे. वरण-भात, वर साजूक तूप आणि लिंबाची फोड, सोबत वाफवलेली गिलकी (आपल्या पुण्या-नागपूरकडील पाहुण्यांनी हिला घोसाळी म्हणावे, आम्ही माळव्यात राहून गिलकीच म्हणू लागलो), एवढ्या जेवणात लपावयाला जागा नसते. तांदूळ जुना हवा, डाळ चांगली शिजणारी हवी, गिलकी त्याच दिवशीची हवी.

भाषेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. येथे ठेल्यावर जाऊन “अळू आहे का?” असे विचारले की भाजीवाला बटाट्यांकडे बोट दाखवितो. “अरबी के पत्ते” म्हटल्याशिवाय अळू मिळत नाही, आणि म्हटले तरी पुष्कळदा मिळत नाही. परप्रांतातील मराठी माणसाला आपल्या चवीची भाजी हवी असेल तर ती बव्हंशी स्वतःच लावावी लागते. पूर्वी जुन्या वाड्यांतून मोरीचे पाणी जेथे जाई तेथे अळूचे बन असे, आणि श्रावणात साऱ्या आळीला त्याची पाने जात. वाडे गेले, त्यांच्या जागी चार-चार मजली इमारती आल्या, अळूही गेले.

तेव्हा विकत घेताना काय पाहावे? पुड्यावरील नुसत्या शब्दावर जाऊ नये. आपल्या देशात २००१ पासून जैविक उत्पादनाच्या प्रमाणीकरणाची राष्ट्रीय योजना आहे. शेतकऱ्यांच्या गटांनी परस्परांची तपासणी करण्याची दुसरी एक पद्धत आहे. आणि २०१७च्या नियमांनुसार जैविक म्हणून विकल्या जाणाऱ्या बांधीव मालावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह असते. लहान शेतकरी स्वतः थेट गिऱ्हाइकाला माल विकत असेल तर त्याला या प्रमाणपत्राची सक्ती नाही. ही सवलत आपल्या उपयोगाची आहे. शहराच्या वेशीवरील एखादा शेतकरी चार-पाच घरांनी मिळून धरावा, त्याच्या शेतावर एकदा जाऊन यावे, पाणी विहिरीचे की नाल्याचे हे डोळ्यांनी पाहावे. सांडपाण्यावर पोसलेली भाजी खताने कितीही जैविक असली तरी ती आपल्या घरी येऊ नये. आणि एक गोष्ट प्रांजळपणे सांगावयास हवी: जैविक भाजीत जीवनसत्त्वे हमखास अधिक असतात, असे निर्विवाद सिद्ध झालेले नाही. औषधांचा अंश कमी असतो, हा तिचा खरा गुण. जीवनसत्त्वांचा प्रश्न बराचसा ताजेपणाशी निगडित आहे. दूरच्या गावाहून चार दिवसांनी आलेल्या प्रमाणित पालकापेक्षा गच्चीवरील कुंडीतला पालक त्या बाबतीत सरसच ठरावा.

यावर काही वाचक म्हणतील की गच्ची आहे, कुंड्याही आहेत, पण खत विकतच आणावे लागते. नेमके येथेच इंदूर पद्धतीचे घरगुती रूप उपयोगी पडते. तळाशी व बाजूंना भोके पाडलेला एक मोठा माठ किंवा जुना डबा घ्यावा. खाली नारळाच्या शेंड्या, त्यावर वाळलेली पाने. रोजची सालपटे, चहाचा चोथा, निर्माल्य बारीक करून टाकावे आणि प्रत्येक वेळी वरून तेवढाच वाळका पाला पसरावा. एकदा मूठभर जुने खत किंवा थोडे शेण विरजणासारखे लावावे. चार-पाच दिवसांनी काठीने ढवळावे. ओलावा किती, तर पिळून ठेवलेल्या फडक्याइतका. दुर्गंधी आली तर समजावे की पाणी जास्त झाले. वाळका पाला वाढवावा. शिजलेले तेलकट अन्न घालू नये. दोन-तीन महिन्यांत खत होते. आमच्या शाळेच्या मागील भिंतीशी मुलांनी असे दोन खड्डे केले आहेत. कडुनिंबाचा जो पाला पूर्वी झाडलोटीनंतर जाळला जाई, तो आता त्यांत जातो. मुलांना यात गोडी वाटते ती विज्ञानाच्या गुणांसाठी नव्हे. ढवळताना खड्डा गरम लागतो, याचे त्यांना नवल वाटते.

इंदूर २०१७ पासून वर्षानुवर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरत आले. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे येथील शेंबड्या पोरालाही कळते. २०२२ मध्ये देवगुराडिया येथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू करणारा कारखानाही सुरू झाला. हे सर्व स्पृहणीय आहे. तरीही सकाळी गाडीचे गाणे ऐकू आले की आपण जी बादली लगबगीने रिकामी करून येतो, तिच्यात आपल्याच मेथीचे खत असते, एवढे ध्यानात असू द्यावे. पालिकेवर त्याने रागावण्याचे कारण नाही; तिला कचरा पुष्कळ मिळेल.

कीड पडल्यास घरच्या भाजीवर तंबाखूचा काढा फवारावा, असा सल्ला जुने लोक देतात. तो मानू नये; तंबाखू नैसर्गिक असली तरी विषच आहे, आणि पालेभाजीवर तर ती नकोच. मावा पाण्याच्या जोरदार धारेने जातो, उरलेल्याला कडुनिंबाचे पाणी पुरते. घरातील झाडाला चार-पाच तास ऊन मात्र हवे. ते नसेल तर पुदिना आणि अळू यांवर समाधान मानावे.

पितृपक्ष आटोपला की मेथी पेरण्यास हरकत नाही. धणे पेरताना ते आधी हलके रगडून दोन फाकांत फोडून घ्यावेत, म्हणजे उगवण नीट होते. मेथी तीन-चार आठवड्यांत खुडण्याजोगी होते, आणि पालक मुळासकट न उपटता बोटभर वरून कापला तर पुन्हा फुटतो. चाकवताचे बी मिळविण्यासाठी खेड्यातील एखाद्या ओळखीच्या म्हातारीला विचारावे, दुकानदार हसतात. गिलकी उन्हाळ्याच्या आरंभी किंवा मृगात कठड्याजवळ लावावी, एक वेल चार माणसांच्या घराला पुरून उरतो. शेवटची दोन फळे वेलावरच वाळू द्यावीत. बी पुढील वर्षासाठी ठेवावे आणि उरलेली जाळी अंग घासण्यास घ्यावी.