टेक्सासमध्ये चार्टर शाळेची नवी शाखा : परवानगी नेमकी कोण देतं?

ह्यूस्टन, डॅलसला नोकरीनिमित्त गेलेल्या आपल्या नातेवाइकांच्या बोलण्यात ‘चार्टर स्कूल’ हा शब्द येत असतो. घराजवळ नवी शाखा निघतेय, फी नाही, मग मुलांना घालावं का? उत्तर देण्याआधी तिथला कायदा समजून घेऊ.

चार्टर शाळेत पैसा सरकारचा आणि कारभार खासगी संस्थेचा. आपल्या अनुदानित शाळेसारखंच थोडंफार. शिक्षणाची फी नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर बहुधा सोडत निघते. दीनी तालीम मात्र शाळेला देता येत नाही. ती घरी किंवा मशिदीच्या वर्गातच द्यावी लागते. ठरलेले निकाल दिले नाहीत तर सरकार चार्टर काढून घेऊ शकतं. असा पहिला कायदा 1991 मध्ये मिनेसोटा राज्याने केला, टेक्सासने 1995 मध्ये.

खरा वाद शाखांचा आहे. नव्या संस्थेला चार्टर हवं असेल तर शिक्षण आयुक्तांची पसंती लागते. त्यानंतरही निवडून आलेल्या 15 सदस्यांचं राज्य शिक्षण मंडळ ते नाकारू शकतं. 2013 च्या कायद्याने चार्टरच्या संख्येला 305 ची मर्यादाही घातली. पण एकदा चार्टर मिळालं की त्यावर पुढच्या शाखा काढायला मंडळाकडे जावं लागत नाही. जुन्या शाळांचे निकाल आणि हिशेब ठीक असले तर आयुक्तांच्या पातळीवरच काम होतं. थोडक्यात, पहिल्या दाराला दोन कुलपं, पुढच्या दारांना एकच.

शहरं जमीनवापर आणि बांधकाम परवानगीत शाखा अडवत, अशी चार्टरवाल्यांची तक्रार होती. ते थांबवणारं विधेयक 2021 मध्ये बारगळलं. 2023 च्या ‘हाउस बिल 1707’ने मात्र सरकारी शाळांना लागणारेच नियम चार्टरला लावणं बंधनकारक केलं.

समर्थक म्हणतात, प्रतीक्षा यादीतल्या मुलांनी किती वर्षं थांबायचं? विरोधकांचंही म्हणणं खोटं नाही. टेक्सासमध्ये अनुदान हजेरीवर मिळतं. मुलं गेली की पैसा जातो, पण इमारत, बस आणि शिक्षकांचा खर्च तेवढ्या वेगाने कमी होत नाही. झळ बसते ती मागे राहिलेल्या मुलांना.

पालकांनी एक लक्षात ठेवावं. नव्या शाखेला स्वतःचा निकाल नसतो. म्हणून त्याच संस्थेच्या जुन्या शाखांना राज्याने दिलेली ‘ए’ ते ‘एफ’ श्रेणी बघा आणि मगच अर्ज भरा.

हाच धडा आपल्या मोहल्ल्यातही लागू पडतो. महाराष्ट्रात 2012 च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याखाली नव्या खासगी शाळेला सरकारची परवानगी लागते. फलकावर मोठ्या संस्थेचं नाव आणि खाली ‘शाखा’ एवढं दिसलं म्हणून प्रवेश घेऊ नका. त्या शाखेचं परवानगीपत्र आणि तिचा स्वतःचा 11 अंकी यू-डायस क्रमांक मागा. ते दाखवायला टाळाटाळ झाली तर पैसे भरण्याआधी शिक्षणाधिकारी कार्यालयात चौकशी करा. नाहीतर दहावीचा फॉर्म भरायची वेळ आली की पळापळ आपल्यालाच करावी लागते.