फ्लाइट ६६६ : पहिली आरोळी मुंबईची!

भोर तालुक्यातल्या वरवे बुद्रुकच्या माणसाला 'लाइव्ह' म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. पुणे-सातारा हायवे उशाशी, त्यामुळे ट्रकचे हॉर्न चोवीस तास लाइव्ह. लग्नसराईत बँजो, गणपतीत ढोल-ताशा, जत्रेत रात्रभर तमाशा. आणि घरात कॅसेटवर पु. ल. देशपांडे. त्या कॅसेटमधला प्रेक्षकांचा हशा काढून टाका बरं, मजा निम्म्यावर येते की नाही बघा.

तर अशाच एका संध्याकाळी हायवेकडेच्या टपरीवर आमच्या एका मित्राने पिकअपमध्ये पेन ड्राइव्ह लावला. आधी एक म्हातारा घोगऱ्या आवाजात इंग्रजी भाषण देऊ लागला. मग हजारो माणसांचा गलका उठला आणि पाठोपाठ गिटारींनी कानच धरले.

"कुणाची सभा हो?" चहावाले मामा.

"चर्चिलची."

"आणि बोंबलतंय कोण?"

"आपलीच पोरं, मामा. वांद्र्याची."

मामांना ही थाप वाटली, पण मित्राचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. इंग्लंडच्या 'आयर्न मेडन' या जुन्याजाणत्या हेवी मेटल बँडचा 'फ्लाइट ६६६' हा लाइव्ह अल्बम मे २००९मध्ये बाजारात आला. त्यातलं पहिलं गाणं, 'एसेस हाय', मुंबईत ध्वनिमुद्रित झालेलं आहे. तारीख १ फेब्रुवारी २००८, वार शुक्रवार, ठिकाण वांद्रे-कुर्ला संकुल, म्हणजे बीकेसी. जगभरातल्या मेटलवेड्यांच्या कपाटात हा अल्बम आहे आणि त्यात सगळ्यात आधी ओरडतात ते मुंबईकर. (आणि पुणेकरही. एक्स्प्रेस वे झाल्यापासून पुण्याची पोरं अशा कामाला मागे राहत नाहीत.)

चर्चिल आणि ससून डॉक

आता या म्हाताऱ्याचं बघू. 'एसेस हाय' हे गाणं १९४०च्या हवाई लढाईतल्या ब्रिटिश वैमानिकांवर आहे, म्हणून बँड त्याआधी चर्चिलचं ४ जून १९४०चं ते प्रसिद्ध भाषण वाजवतो. किनाऱ्यांवर लढू, रस्त्यांवर लढू, शरण जाणार नाही, असं सांगणारं. गंमत अशी, की ज्या दिवशी हे भाषण ब्रिटिश संसदेत झालं, त्या दिवशी ते ध्वनिमुद्रित झालंच नव्हतं. आज जगाला ऐकू येतो तो आवाज चर्चिलने १९४९मध्ये पुन्हा वाचून दिलेला आहे. म्हणजे लाइव्ह अल्बमचा अगदी पहिला आवाज लाइव्ह नाही. सुरुवातच अशी!

दुसरी गंमत आपल्या घरची. गांधीजींना 'अर्धनग्न फकीर' म्हणून हिणवणारा हाच तो गृहस्थ. २००८ साली त्याच्या आवाजाला मुंबईत शिट्ट्या आणि टाळ्या मिळाल्या. अर्थात त्या त्याच्यासाठी नव्हत्या, त्याच्यामागून येणाऱ्या गिटारींसाठी होत्या. सभेत पुढाऱ्याचं भाषण संपत आलं की ऑर्केस्ट्राच्या आशेने टाळ्या पडतात, तसाच प्रकार.

आणि मुंबईने त्याचा हिशेब आधीच चुकता केला होता. १८९६च्या ऑक्टोबरात एकवीस वर्षांचा हा लष्करी अधिकारी मुंबईत उतरला तो ससून डॉकवर. होडीतून धक्क्यावर चढताना त्याने भिंतीतली लोखंडी कडी धरली, तेवढ्यात लाटेने होडी खाली-मागे ओढली आणि त्याचा उजवा खांदा निखळला. ते दुखणं आयुष्यभर मागे लागलं. दोन वर्षांनी सुदानमधल्या ओमदुरमानच्या लढाईत तो तलवारीऐवजी पिस्तूल घेऊन घोड्यावर बसला, त्याचं कारण हा मुंबईचा खांदा. स्वतःच्या आत्मचरित्रात त्याने हे सगळं लिहून ठेवलंय.

गायकच पायलट

या अल्बमच्या नावात 'फ्लाइट' का? कारण गायक ब्रूस डिकिन्सन हा खराखुरा, परवानाधारक विमान कंपनीचा कॅप्टन होता. हौस म्हणून छोटं विमान उडवणारे पुष्कळ असतात, हा बोइंग ७५७ चालवायचा. २००८च्या दौऱ्यासाठी बँडने हेच विमान घेतलं, मागच्या बाजूच्या खुर्च्या काढून तिथे सामानाची जागा केली, शेपटीवर 'एडी' या आपल्या भुताचं चित्र काढलं आणि विमानाला नाव दिलं 'एड फोर्स वन'. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या विमानाची उघड टिंगल.

आत कोण? बँड, जवळपास सत्तर माणसांचा ताफा आणि बारा टन सामान. बारा टन म्हणजे आपल्या हायवेवरून धडधडत जाणाऱ्या एका मोठ्या ट्रकचा माल समजा. ड्रम, अँप्लिफायर, पडदे, भूत, सगळं त्यातच. आमच्याकडे तमाशाच्या फडाचे ट्रक असेच निघतात, पुढे कलाकार नि मागे तंबू. फरक इतकाच, की फडाचा मालक ट्रकचं स्टेअरिंग सहसा स्वतः धरत नाही.

लंडनहून निघालेलं विमान बाकूला इंधन घेऊन मुंबईत उतरलं. तिथून पुढे ४५ दिवसांत २३ कार्यक्रम, पाच खंड, सुमारे पन्नास हजार मैल. शेवटचा कार्यक्रम १६ मार्चला टोरांटोत. या दौऱ्यातच बँडचा संस्थापक आणि बास गिटारवाला स्टीव्ह हॅरिस बावन्न वर्षांचा झाला. ड्रमवाला निको मॅकब्रेन तेव्हा पंचावन्नचा होता. या वयात आमच्याकडे माणूस गुडघ्याला तेल चोळत ओसरीवर बसतो.

आता ६६६. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात हा सैतानाचा आकडा मानलाय आणि बँडचं १९८२चं गाजलेलं गाणंही त्यावरच. अमेरिकेत तेव्हा धार्मिक मंडळींनी त्यांच्या तबकड्या जाळल्या होत्या. पण आपल्याकडच्या आरटीओच्या हिशेबाने पाहा : सहा अधिक सहा अधिक सहा, अठरा. एक अधिक आठ, नऊ! बेरीज नऊ येणाऱ्या नंबरसाठी आपले लोक जास्तीचे पैसे भरतात. सैतानाचा आकडा भोर तालुक्यात शुभ निघाला.

सोळा गाणी, सोळा शहरं

या अल्बमची खरी करामत इथे आहे. साधारणपणे लाइव्ह अल्बम एका रात्रीचा, फार तर दोन-चार रात्रींचा असतो. मेडनचाच १९८५चा 'लाइव्ह आफ्टर डेथ' घ्या, त्यातला मोठा भाग कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा, उरलेला लंडनचा. 'फ्लाइट ६६६'मध्ये मात्र सोळा गाणी आहेत आणि प्रत्येक गाणं वेगळ्या शहरात वाजलेलं. मुंबईनंतर मेलबर्न, मग सिडनी, टोकियो, मॉन्तेरे, लॉस एंजेलिस... असं करत शेवटचं टोरांटोचं. चर्चिलला धरून सतरा नोंदी.

म्हणजे बँड तोच, आवाज तोच, बदलतो तो फक्त गलका. आणि तो खरंच बदलतो! हेडफोन लावून ऐका. लॅटिन अमेरिकेत लोक गिटारच्या सुरावटीसुद्धा एकमुखाने गातात, शब्दांची वाटच बघत नाहीत. ब्वेनोस आयरेसचं 'फिअर ऑफ द डार्क' ऐकताना वाटतं, बँड साथीला आहे आणि मुख्य गायक म्हणजे पब्लिक.

हे टिपतात कसं? गायकापुढचा माइक गायकाचा, ड्रमभोवतीचे ड्रमचे. यांशिवाय काही माइक उलट्या तोंडाचे, म्हणजे लोकांकडे वळवलेले असतात. प्रत्येकाचा आवाज स्वतंत्र पट्टीवर जातो आणि नंतर मिक्सिंगच्या टेबलावर ठरतं, गलका किती ठेवायचा. तो अगदी कमी केला तर गाणं स्टुडिओतलं वाटतं, फार वाढवला तर गावच्या जत्रेचा मोबाइल व्हिडिओ होतो. ज्यात फक्त शेजारी उभ्या माणसाचा खोकला नीट ऐकू येतो.

शहराचं नाव घेऊन 'माझ्यासाठी ओरडा' असं फर्मान सोडणं ही डिकिन्सनची जुनी खोड. तमाशात वगाच्या मध्येच "अमक्यांकडून एक्कावन्न रुपये" असं नाव पुकारलं की तो कोपरा कसा उसळतो, त्याच जातीची ही युक्ती. स्वतःचं नाव माइकवर ऐकायला कुणाला आवडत नाही?

भूत नाचवणारा बँड

मेडनचं भूत म्हणजे 'एडी'. जवळजवळ प्रत्येक मुखपृष्ठावर तो असतो, प्रत्येक वेळी नव्या अवतारात. या दौऱ्यात रंगमंच इजिप्तचा होता, १९८४च्या 'पॉवरस्लेव्ह' अल्बमसारखा, त्यामुळे एडी ममीच्या पट्ट्यांत. शिवाय माणसापेक्षा कितीतरी उंच यंत्रमानव-एडी मंचावर चालत येतो आणि गिटारवाल्यांच्या अंगावर धावून जातो. बोहाड्याची सोंगं पाहिलेल्या मराठी माणसाला यात नवं काही नाही. सोंग अंगावर आलं की पोरांनी किंचाळायचं, एवढा नियम दोन्हीकडे सारखा.

मग लोक काय म्हणाले?

अल्बमसोबत एक माहितीपटही होता, दिग्दर्शक सॅम डन आणि स्कॉट मॅकफॅडन, दोघेही कॅनडाचे. एप्रिल २००९मध्ये तो अनेक देशांत चित्रपटगृहांत लागला. अमेरिकेतल्या साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात त्याला बक्षीस मिळालं, २०१०मध्ये कॅनडाचा जुनो पुरस्कार मिळाला. अनेक देशांत संगीत-डीव्हीडींच्या यादीत तो पहिला होता.

माहितीपटातली दोन माणसं कुणीच विसरत नाही. एक ब्राझीलचा धर्मोपदेशक, अंगावर मेडनची शंभरहून जास्त गोंदणं! दुसरा बोगोटातला एक तरुण. कार्यक्रम संपल्यावर ड्रमवाल्याने फेकलेली काठी त्याच्या हाती लागली आहे आणि ती छातीशी धरून तो घळाघळा रडतोय. संवाद एकही नाही. आषाढीला पायरीवर डोकं टेकवून उठणाऱ्या वारकऱ्याचे डोळे ज्याने जवळून पाहिलेत, त्याला या पोराला हसावंसं वाटणार नाही.

तक्रारीही झाल्या, आणि त्या रास्त होत्या. सोळापैकी पंधरा गाणी १९८० ते १९८८ या नऊ वर्षांतली, एकटं 'फिअर ऑफ द डार्क' १९९२चं. जुन्या भक्तांकडे ही गाणी आधीच दोन-तीन लाइव्ह अल्बमांत होती. पुन्हा पैसे कशाला? माझं मत विचाराल तर नुसती सीडी घेणाऱ्याचा थोडा तोटा आहे, माहितीपट पाहणाऱ्याचा फायदाच फायदा. पण याला दुसरी बाजूही आहे. बीकेसीत नाचणाऱ्या कितीतरी पोरांचा जन्मच या गाण्यांनंतरचा. त्यांच्यासाठी ती जुनी कशी?

मुंबईचं जुनं खातं

रॉकवाल्यांची मुंबईवारी मेडनपासून सुरू झाली असं मात्र समजू नका. १९७२च्या ऑक्टोबरात लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट इथे आले, स्थानिक वादकांना घेऊन स्टुडिओत दोन गाणी केली आणि कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क'मध्ये सहज जाऊन वाजवलंही. ती दोन गाणी अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. त्रेचाळीस वर्षं! आपल्याकडे जमिनीचे दावे तेवढे चालतात.

१९८०च्या मार्चमध्ये 'द पोलीस' हा बँड धोबीतलावच्या रंगभवनात वाजला. आयोजक कोण? 'टाइम अँड टॅलेंट्स क्लब', म्हणजे समाजकार्य करणाऱ्या, बहुतांश पारशी बायकांची संस्था. पंक गाजत असलेल्या काळात लंडनचा बँड मुंबईत आणला तो या मावश्यांनी. पुढे याच रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव रंगला आणि आवाजाच्या नियमांमुळे हळूहळू तिथलं सगळंच थंडावलं. २००३च्या एप्रिलमध्ये रोलिंग स्टोन्स ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजले.

आणि मुंबईचं नाव थेट मुखपृष्ठावर मिरवणारा लाइव्ह अल्बमही आहे, 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे', २००१चा. जॉन मॅक्लॉफ्लिनची गिटार, झाकीर हुसेन यांचा तबला, यू. श्रीनिवास यांचं मँडोलिन, शिवकुमार शर्मांचं संतूर आणि आपले शंकर महादेवन. रॉक म्हणता येणार नाही, पण ऐकायचा कंटाळा केलात तर नुकसान तुमचं.

टपरीवरचं पुढचं सांगायचं राहिलं. मामांनी ते गाणं पूर्ण ऐकलं, चहा दोनदा उतू गेला. मेलबर्नचं दुसरं गाणं सुरू झाल्यावर ते म्हणाले, "ही पोरं मघाच्यांइतकी ओरडत नाहीत." मेलबर्नच्या लोकांनी मनावर घेऊ नये, मामा पक्षपाती आहेत.

१ फेब्रुवारी २००८च्या रात्री तुम्ही बीकेसीत असाल आणि घसा बसेपर्यंत ओरडला असाल, तर तुमचा आवाज त्या तबकडीवर आहे. मानधन मात्र कुणालाच मिळालेलं नाही.