खिशातली टाकसाळ (लेखांक ९) : धातू गेला कुठे?

आमचं टी. टी. नगर म्हणजे तात्या टोपे नगर. येवल्यात जन्मलेल्या आणि १८५९ साली शिवपुरीत फाशी गेलेल्या तात्यांच्या नावाने सरकारने दहा रुपयांचं नाणंही काढलं आहे. त्यातलंच एक घेऊन शेजारचे काका परवा माझ्याकडे आले. न्यू मार्केटच्या भाजीवाल्याने ते ‘ये नहीं चलेगा’ म्हणून परत केलं होतं. काकांचा तर्क मात्र वेगळाच. “मधली चकती बघा, वाकडी बसलीय. टाकसाळीची चूक आहे ही. असल्या नाण्याला लाखभर मिळतात म्हणे!” सोबत नातवाच्या डब्यातली आणखी तीन नाणी होती: एक तांबूस रुपया, एक चपटलेला रुपया आणि कडेचा टवका उडालेलं दोनचं नाणं.

मागच्या आठवड्यात आपण नाण्याचा जन्म पाहिला. धातूच्या पट्टीतून चकत्या कापायच्या, भट्टीत तापवून मऊ करायच्या, कडा दाबून उचलून घ्यायच्या आणि मग पोलादी कड्यात बसवून वरखालच्या दोन ठशांमध्ये दणका द्यायचा. टाकसाळीची चूक घडते ती या पायऱ्यांवरच. दणका बसून नाणं बाहेर पडलं, की पुढे त्याला जे होईल ती इजा. म्हणून विचित्र नाणं हाती आलं की एकच विचारायचं: यातला धातू गेला कुठे, आणि केव्हा?

आधी तांबूस रुपया. चुकून तांब्याच्या चकतीवर ठसा पडला असेल का? आजचा रुपया लोहचुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा असतो. तांबं चिकटत नाही, हा रुपया टपकन चिकटला. भिंगाखाली सिंहाच्या आयाळीवर, म्हणजे सगळ्यात जास्त घासल्या जाणाऱ्या जागी, पांढरा धातू डोकावत होता. वर नुसता तांब्याचा मुलामा. मोरचूद आणि बॅटरी घेऊन शाळेतली मुलंही तो चढवू शकतात.

चपटा रुपया अधिक फसवा. दणक्याच्या वेळी कडं जागेवर नसेल, तर धातू बाहेर पसरतो आणि या २०११ च्या धाटणीचं नाणं २२ मिलिमीटरपेक्षा मोठं होतं. ही खरी चूक. रुळावर ठेवलेलं नाणंही पसरतंच. तराजू इथे कामाचा नाही, कारण पसरला तरी धातू तेवढाच. वजन दोन्हीकडे ३.७९ ग्रॅमच्या आसपास. मग पाहायचं काय? चित्राचं माप. ठसा पोलादाचा, तो काही वाढत नाही. खऱ्या चुकीत सिंह आणि अक्षरं नेहमीच्याच मापाची राहतात आणि भोवतीची कोरी पट्टी तेवढी रुंदावते. काकांच्या रुपयावरचे सिंह चमच्यातल्या प्रतिबिंबासारखे ताणले गेले होते. म्हणजे आधी छाप, मग गाडीचं चाक.

आता दहाचं नाणं. मधल्या चकतीवर सिंह, बाहेरच्या कड्यावर ‘भारत’ आणि ‘इंडिया’ ही अक्षरं. पण दोन्ही एकाच ठशावर कोरलेली आणि एकाच दणक्यात उमटलेली. म्हणून टाकसाळीत चकती बाजूला सरकली तरी फक्त दोन धातूंमधला सांधा सरकेल. सिंह आणि अक्षरं आपापल्या जागी ताठच राहतील. काकांच्या नाण्यात अक्षरं सरळ होती आणि सिंह एका अंगाला कलंडलेला. कुणीतरी चकती ठोकून काढली आणि परत बसवली.

गंमत म्हणजे भाजीवाला चुकीच्या कारणाने बरोबर ठरला. दहाची नाणी वेगवेगळी दिसतात म्हणून अनेक दुकानदार बिचकतात. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं, की तोवर निघालेल्या चौदाही प्रकारांची दहाची नाणी वैध आहेत. वेगळी रचना म्हणजे खोटं नाणं नव्हे आणि चूकही नव्हे. मात्र २०११ च्या नाणे कायद्यानुसार मुद्दाम विद्रूप केलेलं नाणं वैध चलन राहत नाही.

उरलं दोनचं नाणं. काकांनी ते दाखवायचं म्हणूनही आणलं नव्हतं, डब्यात होतं म्हणून आलं. कडेला चंद्रकोरीएवढी खाच. कातरीने किंवा कानशीने कुणीही अशी खाच पाडू शकतो, आणि वजन दोन्हीकडे २०११ च्या धाटणीच्या ४.८५ ग्रॅमपेक्षा कमीच भरणार. पण खाचेच्या बरोबर समोरची कड पाहिली, तर तिथे उचललेली किनार पुसट होती. पट्टी पुरेशी पुढे न सरकल्याने पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि चकती अर्धवट कापली जाते. पुढे कडा उचलताना चकती दोन बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूला दाब बसणार कसा? खाचेजवळची अक्षरंही तिच्याकडे बारीक होत गेली होती, कारण दणक्यात धातू मोकळ्या जागेकडे ओढला गेला. नंतर कापलेल्या नाण्यात अक्षर मध्येच सपकन तुटतं आणि समोरची किनार शाबूत असते. हे नाणं टाकसाळीतूनच असं आलं होतं.

चूक ठरते ती त्या त्या टाकसाळीच्या रीतीवरून, हेही ध्यानात ठेवा. शिवराईवर, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्यावर, ‘छत्रपति’ अर्धवट दिसतं म्हणून ती चुकीची ठरत नाही. तिथे हाताने हातोडा मारत आणि ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे. तसंच आजच्या नाण्यावर सालाखाली हिरा, तारा किंवा ठिपका नसेल तर काही राहून गेलं असं समजू नका; कोलकात्याची टाकसाळ चिन्ह घालतच नाही.

“मग याचे लाख?” काकांनी विचारलं. लाख नाहीत. असे तुटके काप जगभरच्या टाकसाळींतून निसटतात. हौशी संग्राहक चार पैसे जास्त देईल, इतकंच. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून जुन्या नाण्यांच्या व्यवहारात शुल्क आणि कमिशन उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असं बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये बजावलं आहे. काकांनी दोनचं नाणं डब्यात टाकलं, मग पुन्हा बाहेर काढून समोरच्या कडेवरून अंगठा फिरवला.

पुढच्या आठवड्यात ठशाला गेलेला तडा. तोवर खिशातल्या नाण्यांवरच्या रेघा नखाने तपासून ठेवा: कोणती नखाला उंच लागते आणि कोणती खोल?